‘सध्या काय ऐकत आहात?’ : नोंदचिठ्ठी भरण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

आपण मागवलेल्या प्रत्येक जॅझ रेकॉर्डसोबत आम्ही ‘सध्या ऐकत असलेला अल्बम’ अशी एक नोंदचिठ्ठी पाठवतो. भरून आलेल्या चिठ्ठ्यांच्या प्रती पुढच्या पार्सलांतून इतर ग्राहकांकडे जातात, आणि बरेच जण आमच्या सूचीपेक्षा या चिठ्ठ्या वाचूनच पुढची खरेदी ठरवतात, हे आम्हाला थोड्या अनिच्छेने का होईना, मान्य करावे लागते. मात्र पुष्कळ चिठ्ठ्यांवर अल्बमचे नाव आणि त्यापुढे ‘अप्रतिम’ एवढाच मजकूर असतो. जॅझच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही.

या पत्रकाचे निमित्त आमचीच एक चूक आहे. ड्यूक एलिंग्टन यांच्या ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ची स्तुती एका चिठ्ठीवर वाचून दुसऱ्या ग्राहकाने तो अल्बम मागवला, आम्ही जुनी आवृत्ती पाठवली, आणि ‘सॅक्सोफोन शेजारच्या खोलीत वाजतो आहे’ अशी तक्रार घेऊन ती परत आली. तक्रार अगदी रास्त होती. जुलै १९५६ मधील न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस यांनी एकाच रचनेत सलग २७ आवर्तनांचा सोलो वाजवला खरा, पण तो रेकॉर्ड कंपनीच्या मायक्रोफोनसमोर नव्हे, तर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर. त्यामुळे १९५६ च्या रेकॉर्डवर तो दुरून ऐकू येतो; शिवाय त्या रेकॉर्डचा काही भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, त्यावर टाळ्या चढवून तयार केलेला आहे. पुढे नभोवाणीची फीत सापडली आणि दोन्ही फिती जुळवून १९९९ मध्ये नवी आवृत्ती निघाली. चिठ्ठी लिहिणाऱ्याने ऐकली होती ती ही. म्हणून अल्बमच्या नावाशेजारी आपल्या प्रतीचे वर्ष आवर्जून लिहावे.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’बाबतही हेच. या अल्बमचे ध्वनिमुद्रण २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी झाले. पहिल्या दिवशी मुद्रण करणारे यंत्र किंचित मंद चालत असल्याने पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना रेकॉर्डवर किंचित जलद आणि चढ्या सुरात उमटल्या. दुसऱ्या यंत्रावरच्या राखीव फितीचा आधार घेऊन ही चूक १९९२ मध्ये सुधारली गेली. नुसते ऐकणाऱ्याच्या हा फरक लक्षात येईलच असे नाही, परंतु रेकॉर्डसोबत स्वतःचे वाद्य वाजवणाऱ्याला तो लगेच खटकतो.

वादकांची नावे लिहिण्याचा आग्रह काहींना पंडिती वाटतो. तो तसा नाही. याच अल्बमवर पियानो बिल एव्हान्स यांचा आहे, पण ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या रचनेपुरता तो विंटन केली यांचा आहे, आणि एव्हान्स यांच्या नावे त्याच रचनेचे कौतुक करणाऱ्या चिठ्ठ्या आमच्याकडे येत असतात. एव्हान्स यांचे चाहते असाल, तर २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कमधील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या जॅझ क्लबमध्ये झालेल्या त्यांच्या वादनाविषयी लिहावे, मात्र त्या एकाच दिवसाच्या मुद्रणातून दोन स्वतंत्र अल्बम निघाले असल्याने नेमका कोणता, ते सांगावे. बास वाजवणारे स्कॉट लाफारो त्यानंतर अकराच दिवसांनी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी अपघातात गेले. तो बास मुद्दाम लक्ष देऊन ऐकावा, असे एखाद्याने चिठ्ठीवर सुचवले, तर वाचणाऱ्याला दहा विशेषणांपेक्षा त्याचा अधिक उपयोग होतो.

प्रत ओळखण्यासाठी रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरावी. शेवटची खाच संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर कोरलेला किंवा ठोकलेला क्रमांक दिसतो; तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा. ‘ब्लू नोट’ कंपनीच्या अनेक रेकॉर्डवर तेथे ‘आरव्हीजी’ ही अक्षरेही आढळतात. मूळ तबकडी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी कापली, एवढाच त्यांचा अर्थ होतो. तीच मूळ तबकडी नंतरच्या प्रतींसाठीही वापरली जात असे, त्यामुळे ही अक्षरे दिसली म्हणून आपली प्रत पहिल्या छपाईचीच आहे असे कृपया लिहू नये.

सीडीवर ऐकत असल्यास मूळ एलपीवरील रचना कोठे संपतात आणि पुढे जोडलेले पर्यायी टेक (त्याच रचनांची त्या वेळची दुसरी ध्वनिमुद्रणे) कोठून सुरू होतात, तेवढे नमूद करावे. मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी पडद्यावरचे वर्ष तपासून घ्यावे, कारण अनेकदा ते पुनर्प्रकाशनाचे असते. आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ तर मार्च १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन २०१८ मध्ये प्रथमच बाहेर आला, तेव्हा अशा अल्बमची दोन्ही वर्षे लिहावीत.

न आवडलेला अल्बमही अवश्य कळवावा. तो आमच्या सूचीत असला तरी आम्ही चिठ्ठीवर कात्री चालवत नाही. दुसऱ्या ग्राहकाच्या निवडीवर शेरा मात्र छापला जाणार नाही. आपले नाव इतरांना कळू नये असे वाटत असल्यास चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यातील चौकटीत फुली मारावी.