संगणकातील तापमापन (जोडसंवेदक)

घरगुती संगणकाच्या कॅबिनेटमध्ये जादा संवेदक बसवून हवेचे व सुट्या भागांचे तापमान पाहण्याची पद्धती. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आपापले तापमान सांगतात; आत शिरणारी हवा किती तापलेली आहे, हे त्यांवरून कळत नाही. सगळा खटाटोप मुख्यतः त्या एका आकड्यासाठी.

थर्मिस्टरचा (तापमानाबरोबर विद्युत रोध बदलणाऱ्या घटकाचा) उगम काही लेखक मायकेल फॅराडे यांच्या १८३३ मधील निरीक्षणापर्यंत नेतात. सिल्व्हर सल्फाइडचा रोध तापमानाबरोबर घटतो, असे त्यांना आढळले होते. ती गुणधर्माची नोंद होती. वापरण्याजोगा घटक म्हणून सॅम्युएल रूबेन यांचे १९३० च्या सुमाराचे काम धरणे अधिक सयुक्तिक. मदरबोर्डवर थर्मिस्टर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसरच्या सॉकेटच्या (खोबणीच्या) पोकळीत दिसू लागतो. तो प्रोसेसरच्या पाठीला टेकेलच असे नसे; त्या काळचे आकडे आजच्या चिपमधील संवेदकांशी ताडू नयेत.

काही मदरबोर्डांवर जादा संवेदकासाठी दोन पिनांची जागा असते. तीत बहुधा २५° से.ला १० किलोओहम रोधाचा थर्मिस्टर चालतो, मात्र त्याचा बी-गुणांक (तापमानाबरोबर रोध किती झपाट्याने बदलतो ते सांगणारा आकडा) जुळावा लागतो. ३४३५ अपेक्षित असता ३९५० चा लावला, तर २५° ला वाचन बरोबर येते आणि खऱ्या ६०° ला सुमारे ६६° दिसतात. तार तुटली तर अशक्य थंड, उघडी टोके एकमेकांना चिकटली तर अशक्य गरम आकडा येतो. थर्मिस्टरचा मणी हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) बुडाशी कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या टेपने बसवावा. साध्या वायरिंगच्या टेपचा गोंद उष्णतेने सुटतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये मणी कधीही घालू नये, फट पडते.

डीएस१८बी२० हा अंकीय संवेदक −१०° ते ८५° मध्ये ±०.५° अचूक असतो. डेटा व विद्युत्पुरवठ्याच्या तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रोधक लागतो. नेमके ८५.०° दिसत राहिले, तर तो तापलेला नसून रूपांतर पूर्ण व्हायच्या आत (कमाल ७५० मिलिसेकंद) वाचला गेला आहे. बाजारात नकली चिपा पुष्कळ.

ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५° च्या आसपास जातो, जानेवारीच्या रात्री एक अंकी होतो. इथे ठरावीक आकड्यावर इशारा लावणे निरुपयोगी: ग्राफिक्स कार्डचे ७८° मेमध्ये साधे, जानेवारीत शंकास्पद. पाहायचा तो फरक, म्हणजे भागाचे तापमान वजा पुढच्या जाळीतून येणाऱ्या हवेचे. पंख्यांचा वेग बांधून, तेच काम देऊन तो मोजावा. ८-१० अंशांनी वाढला, तर जाळीत धूळ साचली असावी (आंधीनंतर हमखास) किंवा चिप व हीटसिंक यांमधील उष्णतावाहक पेस्ट वाळली असावी. हवेचा संवेदक जाळीपुढे दोनतीन सेंटिमीटर, पत्र्याला न टेकता ठेवावा आणि खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात नसावा. कूलर लावल्यावर खोली लगेच उतरते, कॅबिनेट मागाहून. अर्ध्या तासाने नोंद घ्यावी.

तपासणीसाठी संवेदक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुटलेल्या बर्फाच्या लगद्यात ठेवतात, ०° यावे. उकळत्या पाण्याशी ताडताना १००° धरू नये: ग्वाल्हेरच्या सुमारे २०० मीटर उंचीवर पाणी ९९.३° च्या आसपास, इंदूरच्या साडेपाचशे मीटरवर ९८.२° च्या आसपास उकळते.