रोटा लस आणि तिच्या आड येणाऱ्या गोष्टी

रोटाव्हायरस म्हणजे तान्ह्या बाळांना भयंकर जुलाब-उलट्या लावणारा विषाणू, 1973 मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला. 2013 साली यानं जगात पाच वर्षांखालची सुमारे 2 लाख 15 हजार मुलं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि आत्ताच्या लसी तर 2006 पासून होत्या. आईबाप नको म्हणतात हे कारण त्यात लहान, बाळापर्यंत लस वेळेवर पोचत नाही हे मोठं.

वयाची अट बघा. रोटाशील्ड ही आधीची लस 1999 मध्ये अमेरिकेत मागे घेतली कारण काही बाळांच्या आतड्यात आतडं शिरलं, आणि हा त्रास एरवीही पाच-सहा महिन्यांच्या सुमारास जास्त दिसतो, म्हणून नव्या लसींचा पहिला डोस 15 आठवड्यांच्या आतच द्या असं ठरलं. आता गरीब देशांत बाळं मुळातच उशिरा येतात लसीला, म्हणजे ज्यांना जास्त गरज तीच बाहेर राहिली! 2013 मध्ये ही अट सैल झाली ते फार बरं झालं. भारतात डोस 6, 10, 14 आठवड्यांना, पहिला वर्षाच्या आत चालतो.

पुरवठाही अडतो. 2018 मध्ये मर्क या लस बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीनं पश्चिम आफ्रिकेतल्या चार देशांचा पुरवठा थांबवायचं ठरवलं, नायजेरियात तर लस 2022 ला सुरू झाली.

मध्य प्रदेशात 2017 पासून सरकारी लस फुकट आहे. इंदूरच्या अंगणवाडीत सिस्टर गालाच्या आत हळूहळू सोडते, रोटाव्हॅकचे पाच थेंब नाहीतर पुण्याच्या सीरमची रोटासिल, सुई नाही काही नाही. पण धार-झाबुआकडून बांधकामावर आलेल्या बाईची साइट बदलली की ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, कार्ड गावी, नव्या जागेच्या आशाताईच्या यादीत नाव नाही, आणि मजुरी बुडवून यायचं कसं? आपल्या मराठी घरांत वेगळंच, बाळाला सर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू, आणि जुलाब लागले तर आजी म्हणणार "अगं दात येताहेत, व्हायचेच". साध्या सर्दीत लस देतात हो, आणि दातांवर ढकलून जुलाब अंगावर काढू नका.

लसीचा जोरही सगळीकडे सारखा नाही. दिल्ली, पुणे, वेल्लोरच्या चाचणीत रोटाव्हॅकनं पहिल्या वर्षी गंभीर रोटा-जुलाब सुमारे 56 टक्के कमी केले, श्रीमंत देशांत दुसऱ्या लसींचा आकडा 85 च्या वर जातो. कुपोषण, आतड्यातले बाकीचे जंतू, आईकडून आलेल्या अँटीबॉडीज अशी कारणं सांगतात. शिवाय ही लस फक्त रोटालाच अडवते, त्यामुळे "डोस दिले तरी जुलाब झाले" असं ऐकू येतं आणि पुढच्या बाळाला लोक नेतच नाहीत. म्हणून लसीबरोबर ओआरएस आणि झिंकचंही तेव्हाच सांगायला हवं, झिंक जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायचं असतं.