‘फ्युएल’वरची बंदी आणि कोपऱ्यावरचं स्पीड शॉप

२०२४च्या डिसेंबरात इर्विंडेलची ड्रॅगची पट्टी, म्हणजे सरळ रेषेत गाड्यांची शर्यत लावायची धावपट्टी, बंद झाली आणि लॉस एंजेलिसच्या जुन्या मंडळींमध्ये तोच वाद पुन्हा निघाला. गल्लोगल्ली असलेली स्पीड शॉप्स, म्हणजे गाडीचा वेग वाढवून देणारी छोटी दुकानं, कुणी संपवली? बहुतेक जण प्रदूषणाच्या कायद्यांकडे बोट दाखवतात. मला ते अर्धंच पटतं. दुकानांची रया जायला सुरुवात त्याआधीच, १९५७ साली झाली होती, आणि ती सरकारने नव्हे, शर्यतीच्याच लोकांनी केली होती.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहून झालं आहे. १९३०च्या दशकात पोरं म्युरॉकच्या कोरड्या तलावावर गाड्या पळवत. ती जागा लष्कराने घेतल्यावर मुक्काम एल मिराजला हलला. १९३२च्या फोर्डचं व्ही-८ इंजिन मुळात ६५ अश्वशक्तीचं. एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर, घासून घेतलेलं हेड, वेगळा कॅमशाफ्ट, एवढ्यावर त्याचं रूप पालटायचं. महायुद्ध संपल्यावर हीच कामं करणारी दुकानं निघाली. बरबँकमधलं एक तर मालकाची सैन्यातून सुटका झाली त्याच दिवशी, मार्च १९४६मध्ये उघडलं. पुढे याच दुकानाने लढाऊ विमानाच्या पोटाखालची इंधनाची टाकी घेऊन तिला चाकं लावली आणि तलावावर पळवली. भंगारात असल्या टाक्या चिक्कार होत्या. १९५० साली सँता आनाच्या विमानतळावर रविवारच्या रविवार पाव मैलाच्या शर्यती भरू लागल्या आणि पोरांना तीन तास गाडी हाकत वाळवंटात जायची गरज उरली नाही. दुकान, पट्टी आणि घर एकाच टापूत आलं.

असलं एक दुकान मी त्याच्या पडत्या काळात पाहिलं. नव्वदच्या दशकात लाँग बीचला राहायला आलो तेव्हा ते कसंबसं तग धरून होतं. काउंटरचा लाकडी कठडा मधोमध खोलगट झिजलेला, कारण तीन-चार दशकं लोक तिथेच कोपर टेकून उभे राहिले. मागे भिंतीवर गॅस्केटं खिळ्यांना टांगलेली. जुन्या गिऱ्हाइकाने स्पार्क प्लग खोलून आणला की म्हातारेबुवा तो दिव्याखाली धरून त्याच्या टोकाचा रंग बघत आणि कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे इंधन आत सोडणारं बारीक भोक, कितीने मोठं करायचं ते सांगत. सल्ल्याचे पैसे नाहीत, जेटचे तेवढे द्यायचे. आपल्याकडे आरएक्स १००ची पुंगळी काढून देणारे मिस्त्री ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. काउंटरखालच्या खणात मखमलीच्या डबीत काचेची एक नळी होती. ती हायड्रोमीटर. दूधवाल्याचं पाणी पकडायला लॅक्टोमीटर बुडवतात, तीच करामत. शर्यतीच्या गाड्यांत पेट्रोलऐवजी दोन द्रव मिसळून घालत: मेथेनॉल, घनता ०.७९, आणि नायट्रोमिथेन ऊर्फ नायट्रो, घनता १.१४. मिश्रणात नळी किती वर तरंगते त्यावरून नायट्रो किती टक्के ते कळतं. ऊन चढलं की आकडा बदलतो, म्हणून सोबत तापमानाचा तक्ता.

आता ‘फ्युएल’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. ड्रॅगच्या पट्टीवर ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल. आपला स्वयंपाकघरातला नव्हे, रिक्षातलाही नव्हे. आणि ‘फ्युएल’ म्हणजे पेट्रोल सोडून बाकी सगळं, मुख्यतः मेथेनॉल आणि नायट्रोमिथेन. त्यामुळे १९५७ची ‘फ्युएलबंदी’ वाचून नवखा माणूस चक्रावतो. इंधनावर बंदी आणली तर गाड्या चालल्या कशावर? बंदी पेट्रोल सोडून बाकीच्या इंधनांवर, मुख्यतः नायट्रोवर होती, इतकाच त्याचा अर्थ.

नायट्रोची गंमत अशी की त्यात जोर कमी असतो. किलोला किलो तोललं तर पेट्रोलच्या साधारण पाव हिश्श्याएवढीच ऊर्जा. पण त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला जवळपास १४.७ किलो हवा लागते, नायट्रोला १.७ किलो पुरते. म्हणजे सिलेंडरमध्ये जेवढी हवा मावते तेवढ्यात आठपटीहून जास्त नायट्रो जाळता येतं आणि हिशेब दुपटीच्या वर जातो. इंजिन तेच, हवा तीच, फक्त जेट मोठं करायचं आणि डबा बदलायचा. ज्याच्या खिशात नवं इंजिन घ्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी याहून स्वस्त ताकद नव्हती. अर्थात चुकलं तर पिस्टनला भोक पडायचं, कधी हेडच उडायचं.

फेब्रुवारी १९५७मध्ये लॉस एंजेलिसच्या बंदराजवळच्या विल्मिंग्टनच्या पट्टीवर एका फ्युएलच्या गाडीने पाव मैलाअखेर ताशी १६६.९७ मैल, म्हणजे सुमारे २६९ किलोमीटर वेग गाठला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पट्टीचालकांचे धाबे दणाणले. गाड्यांचे ब्रेक बेताचे, थांबायला जागा अपुरी, विम्याची टांगती तलवार. काही पट्ट्यांनी नायट्रो बंद केलं आणि देशपातळीवरच्या संघटनेनेही आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याच वर्षापासून ‘फक्त पेट्रोल’चा नियम लावला. कारणं तीन सांगितली गेली: सुरक्षितता, खर्च आणि खेळाची अब्रू. पहिलं खरं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिसरंही समजू शकतो, कारण वर्तमानपत्रं तेव्हा ‘हॉट रॉड’ हा शब्द शिवीसारखा वापरत.

दुसरं कारण मात्र मला कधीच पटलेलं नाही. बंदीनंतर खर्च कमी झाला का? पोरांनी हरवलेला वेग दुसऱ्या वाटेने परत आणला. जनरल मोटर्सच्या बस-ट्रकच्या डिझेल इंजिनावरचा ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, व्ही-८वर बसवायचा, आणि तेही पुरेना म्हणून एका चौकटीत दोन-दोन इंजिनं जोडायची. काहींनी तर लढाऊ विमानाचं २८ लिटरचं इंजिन आणून लावलं, आणि तेही काही वर्षं चाललं. नायट्रोचा डबा धोकादायक आणि विमानाचं इंजिन चालेल, हा न्याय कुठला? पूर्वी जो मुलगा चार डॉलरच्या वस्तूसाठी कोपऱ्यावरच्या दुकानात येई, त्याला आता ब्लोअर, त्याचा पट्टा, मजबूत क्रँक असं सगळं लागू लागलं. ती खरेदी मोठ्या कारखान्यांच्या कॅटलॉगातून होऊ लागली. मिश्रण कसं करायचं हे ज्याच्या डोक्यात होतं, त्या काउंटरमागच्या माणसाची गरज तिथे पहिल्यांदा कमी झाली.

फ्युएलवाल्यांचा आणखी एक राग होता. तेव्हाच्या सगळ्यात खपाच्या मासिकाचा संपादक आणि संघटनेचा अध्यक्ष ही एकच व्यक्ती. आमच्या गाड्या छापतच नाहीत, अशी त्यांची तक्रार. त्याच वर्षी फ्लोरिडाहून एका चालकाचा ताशी १७६ मैलांचा आकडा आला, तर कॅलिफोर्नियातल्या लोकांनी तो हसण्यावारी नेला. घड्याळ बिघडलं असणार म्हणे.

बंदी सगळीकडे पाळली गेली नाही. बेकर्सफील्डच्या उत्तरेला फामोसो नावाची महायुद्धातली जुनी धावपट्टी आहे. तिथल्या एका स्थानिक क्लबने मार्च १९५९मध्ये फ्युएल आणि गॅस दोघांनाही निमंत्रण दिलं. फ्लोरिडाचा तो चालकही देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाडी ओढत आला आणि गर्दी लोटली. रात्री एग्झॉस्टच्या नळ्यांतून निघणाऱ्या ज्वाळा, डोळ्यांत झोंबणारा नायट्रोचा धूर, यासाठी लोक पैसे देऊन येतात हे त्या दिवशी सिद्ध झालं. शेवटी संघटनेलाच नमतं घ्यावं लागलं. १९६३पासून दार किलकिलं झालं आणि १९६४ला फ्युएल पूर्ण परतलं. त्याच उन्हाळ्यात न्यू जर्सीत ताशी २०० मैलांचा टप्पा अधिकृतपणे ओलांडला गेला.

पण तोवर सात वर्षं उलटली होती आणि परतलेला खेळ श्रीमंतांचा होता. ब्लोअरही राहिला, नायट्रोही आलं, दोन्हीचा खर्च एकत्र. १९६४पासूनच डेट्रॉइटच्या कंपन्या दणकट इंजिनाच्या गाड्या थेट शोरूममधून विकू लागल्या. जे काम दुकानदार महिनाभर खपून करी, ते हप्त्यावर मिळू लागलं. सुट्या भागांच्या उत्पादकांनी १९६३ साली आपली संघटना काढली, तेव्हा तिच्या नावात ‘स्पीड’ हा शब्द होता. पुढे तो गाळून ‘स्पेशालिटी’ घातला. आद्याक्षर तेच राहिलं, त्यामुळे लेटरहेड तरी वाचलं असेल.

धुराचे नियम आले ते यानंतर. कॅलिफोर्नियाने १९६६च्या मॉडेलपासून नवीन गाड्यांच्या धुरावर मर्यादा घातली. पुढे धुरावर परिणाम करणारा कुठलाही भाग रस्त्यावरच्या गाडीला लावायचा तर राज्याच्या हवा मंडळाचा सवलत क्रमांक लागू लागला. चाचणी करून तो क्रमांक मिळवणं मोठ्या कारखान्याला परवडतं. एका मजुरासह दुकान चालवणाऱ्याला नाही. १९७३च्या तेलटंचाईने उरलेली कसर भरून काढली.

विल्मिंग्टनची पट्टीही तोवर गेली होती. १९५५ला सुरू झालेली ही पट्टी बंदराला खेटून, समुद्रसपाटीवर. रात्रीची हवा गार आणि दाट, म्हणून तिथे वेळा चांगल्या लागत. १९७०मध्ये इथेच फ्लोरिडाच्या त्या चालकाचा गिअरबॉक्स पायाशी फुटला आणि त्याचं अर्धं पाऊल गेलं. इस्पितळात पडल्यापडल्या त्याने इंजिन पाठीमागे असलेल्या गाडीचा विचार सुरू केला. पुढच्या वर्षी ती जिंकू लागली आणि काही वर्षांत सगळ्यांनी तीच मांडणी उचलली. आजूबाजूची वस्ती मात्र आवाजाला कंटाळली होती. २ डिसेंबर १९७२ला शेवटची शर्यत झाली. त्या रात्री लोकांनी आठवण म्हणून हाताला लागेल ते उचलून नेलं. आता तिथे कंटेनर उभे असतात.

२००८मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला एका चालकाचा जीव गेल्यावर फ्युएलच्या गाड्यांचं अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणलं, आणि मिश्रणात नायट्रो ९० टक्क्यांच्या वर चालत नाही. बंदी नको, मर्यादा घाला, हे फ्युएलवाले १९५७मध्येही म्हणू शकले असते. म्हणाले असतील, तर कुणी ऐकलं नाही.

लाँग बीचचं ते दुकान मिटलं तेव्हा काउंटरवरची खोकी आठ आण्याच्या भावात गेली. मी हायड्रोमीटरबद्दल विचारलं. म्हातारेबुवांनी डबी खिशात घातली आणि म्हणाले, तो विकायला नाही.