डॉट कॉम नसेल तर गूगल मागे टाकतं?

‘वेबसाइटच्या नावाला डॉट कॉमच घ्या, नाहीतर गूगलवर दिसणार नाही’ हा सल्ला नवा व्यवसाय सुरू करणाऱ्याला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. डॉट शॉप, डॉट ऑनलाइन यांसारख्या नव्या शेपट्यांना, म्हणजे नावाच्या शेवटच्या भागांना, शोधात इतरांसारखीच वागणूक मिळते, हे गूगलने 2015 मध्येच जाहीर केलं. नावात ‘शॉप’ आहे म्हणून वरचा क्रमांकही मिळत नाही.

नव्या शेपटीचा खरा फायदा म्हणजे हवं ते छोटं नाव मिळण्याची शक्यता. तोटे मात्र वेगळेच आहेत, आणि ते वेबसाइटचं नाव विकणारा सहसा सांगत नाही. पहिल्या वर्षी नाव अगदी स्वस्तात मिळतं, नूतनीकरणाला मात्र कित्येक पट पैसे लागू शकतात. म्हणून आधी दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. स्वस्त शेपट्या फसवणूक करणारेही घाऊक घेतात, त्यामुळे तुमचा प्रामाणिक ईमेलही स्पॅममध्ये जाऊ शकतो.

आपल्या लिपीतलं ‘.भारत’ 2014 पासून आहे, मराठीलाही चालतं. मला ते मनापासून आवडतं. पण देवनागरी ईमेल पत्ता अनेक फॉर्म अजून नाकारतात.