विहिरीत शिरलं ते गॅस, तेल की पाणी? आधी पिट वाचा

तेल-गॅसची विहीर खणताना खालून काही आत शिरलं आणि 'विहीर वाहतेय, माणसं पाठवा' असा फोन आला की आम्ही उलट तीन आकडे विचारतो: पिटमधली, म्हणजे मडच्या (ड्रिलिंगच्या जड चिखलाच्या) टाकीतली वाढ आणि विहीर बंद केल्यावरचे ड्रिलपाइप (खणायचा पाइप) व केसिंगवरचे (विहिरीला आतून लावलेला पोलादी पाइप) दाब. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. गाडी तोवर भरायला घेतलेली असते. तीत काय भरायचं ते या आकड्यांवरून ठरतं.

पाणी जेवढं शिरतं, साधारण तेवढंच वर येतं. तेलाचंही बरंचसं तसंच, फक्त त्यात विरघळलेला गॅस दाब उतरला की सुटतो. घात करतो तो मोकळा गॅस. 3000 मीटरवर, 1.2 घनतेच्या मडखाली दाब सुमारे 350 बार असतो. विहीर उघडी असेल तर तिथला 1 घनमीटर गॅस निम्म्या वाटेवर जेमतेम दुप्पट होतो, 300 मीटरवर दहापट आणि तोंडाशी ढोबळमानाने साडेतीनशेपट. 'वाढ थोडीच आहे, बघू जरा' म्हणणारे इथेच फसतात. तेलाच्या मडमध्ये तर गॅस विरघळून लपतो.

पण आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाते ती वेगळीच चूक. किक, म्हणजे असा शिरकाव, दिसताच कोणीतरी घाईने पिटमध्ये नवा मड ओततो. हेतू चांगला, पण खरी वाढ कळायची सोय गेली. वाढीवरून शिरलेल्या द्रवाची उंची निघते. दोन दाबांतला फरक त्या उंचीवर वाटून, आलेला आकडा मडच्या मीटरमागच्या दाबातून वजा केला की त्याचं वजन कळतं. गॅस मीटरला साधारण 0.03 बारच्या आत, खारं पाणी 0.1 च्या आसपास. ओतलेला मड वाढीत धरला गेला की उंची फुगते आणि गॅस कागदावर पाणी ठरतो. आकड्यांचा भरवसा नसला की आम्ही गॅसच धरतो, म्हणजे मडमधून गॅस वेगळा करणारा सेपरेटर आणि तो जाळायला नेणारी फ्लेअर लाइन जोडल्याशिवाय पंप सुरू नाही. याबाबतीत आम्ही हट्टी आहोत.

तेव्हा आधी विहीर बंद करा, दाब स्थिरावू द्या, पिटची पातळी लिहून घ्या; मड नंतर. पिटचे सेन्सर आणि ट्रिप टँक (मड अचूक मोजायची छोटी टाकी) आमच्याकडे भाड्याने मिळतात, जोडणीही आम्हीच करतो.

बंद विहिरीतही गॅस वर सरकतो आणि दाब चढत राहतो. तो चोकमधून (कमी-जास्त उघडता येणाऱ्या झडपेतून) उतरवावा लागला तर सुटलेला मड ट्रिप टँकमध्येच घ्या आणि मोजा.