एक शब्द, तेरा वेळा

‘वेदांमध्ये संगणक होता’ हा मेसेज परवा पुन्हा व्हॉट्सॲपवर आला. संगणक नव्हता. पण वेदपाठशाळेत जे खरोखर होतं आणि आजही आहे, ते मला या थापेपेक्षा कितीतरी थक्क करणारं वाटतं.

ऋग्वेदाची सुरुवात घ्या : अग्निम्, ईळे, पुरोहितम्. या शब्दांना १, २, ३ असे क्रमांक दिले, तर घनपाठी, म्हणजे शब्द ठरावीक क्रमाने मागेपुढे फिरवून वेद मुखोद्गत म्हणणारा, ते असे म्हणतो : १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. मग एक शब्द पुढे सरकून २, ३, ४ घ्यायचे आणि पुन्हा तेच. मोजून पाहा. ओळीच्या मधला कुठलाही शब्द त्रिकुटात पहिला असताना ५ वेळा, दुसरा असताना ५ वेळा आणि तिसरा असताना ३ वेळा, असा एकूण १३ वेळा येतो.

नुसती घोकंपट्टी असती, तर चूकही तेरा वेळा घोटली गेली असती. खरी करामत शेजाराची आहे. संस्कृतात शेजारचा शब्द बदलला की संधी बदलतो. ‘ईळे’पुढे ‘ईळे’ आलं की ‘ईळ ईळे’ होतं. इथे मूळ शब्द ‘ईळे’ होता की ‘ईळः’, हे कानाला कळत नाही, कारण दोन्हींचा संधी सारखाच. पण पुढे ‘पुरोहितम्’ आलं की ‘ए’ स्वच्छ ऐकू येतो. ‘अग्निम्’ आलं तर ‘ईळेऽग्निम्’, म्हणजे ‘अ’ गळतो, ‘ए’ राहतो. एका जोडीत लपलेलं दुसरीत उघडं पडतं. चूक खपवायची तर ती प्रत्येक शेजाऱ्याबरोबर वेगळ्या संधीत, तेराही वेळा जुळवून करावी लागेल.

आधार क्रमांकाचा बारावा अंक हेच काम करतो. तो आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की हिशेब जुळत नाही. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड हॅमिंगने १९५० मध्ये चूक शोधून दुरुस्तही करणाऱ्या संकेतांचं (कोडचं) गणित मांडलं. पाठशाळेत ते गणित नव्हतं. होती ती कडक शिस्त, आणि स्वर चुकला की तिथेच थांबवणारे गुरुजी.

या शिस्तीने उच्चार राखला, अर्थ नाही. मंत्रांना अर्थच नसतो, हे कौत्स या प्राचीन पंडिताचं मत यास्काच्या निरुक्तातच, म्हणजे वेदांतल्या शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथातच, नोंदवलेलं आहे. यास्काने ते खोडून काढलं, तरी शंका तेव्हाच निघाली होती. आणि स्त्रियांना, शूद्रांना हे शिकवायचं नाही, हा नियमही शतकानुशतकं तितक्याच कडकपणे पाळला गेला. तो अन्याय होता, हेही लिहिलंच पाहिजे.

ध्वनी मात्र टिकला. पुढच्या अभिजात संस्कृतात ‘ळ’ उरला नाही. ऋग्वेदाच्या दुसऱ्याच शब्दात तो अजून आहे, आणि मराठी कानाला तो लगेच ओळखू येतो.