घरगुती अग्निसुरक्षा (मुंबई)

राहत्या घरात आग लागू नये, लागलीच तर पसरू नये आणि माणसे वेळेत बाहेर पडावीत, यासाठी घ्यायची खबरदारी. मुंबईत याबाबतचे प्रबोधन महापालिकेचे अग्निशमन दल करते. त्याचे मुख्यालय भायखळ्याला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

घरातल्या धोक्याची मोठी जागा म्हणजे स्वयंपाकघर. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की ओट्याखाली, फरशीलगत साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताखाली जमतो. दोन्हींना मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. रात्री वास आला की हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो, आणि नेमके तेच करायचे नाही. ठिणगी बटण लावतानाही पडते आणि बंद करतानाही, म्हणून चालू ते चालू, बंद ते बंद राहू द्यावे. अंधारातच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि बाहेर जाऊन फोन करावा; सिलिंडरच्या गॅसगळतीसाठी क्रमांक १९०६ आहे. शेगडीची रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. ती चांगली दिसते म्हणून बहुतेक घरांत तशीच राहते.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल अंगावर उडते. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण सरकवावे आणि कढई थंड होईपर्यंत ते उचलू नये.

विजेच्या बाबतीत जुन्या वायरिंगवर एसी व गिझर चढवणे आणि एकाच मल्टिप्लगवर सगळा भार टाकणे धोक्याचे. एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज आपोआप तोडणारा खटका, वारंवार पडत असेल तर जास्त क्षमतेचा बसवून भागवू नये, वायरमनकडून कारण शोधून घ्यावे.

आगीत ज्वाळांइतकाच, किंबहुना अधिक, घात धुराने होतो. धूर वर चढतो, म्हणून खाली वाकून किंवा रांगत बाहेर पडावे, दार मागे ओढून घ्यावे, लिफ्ट वापरू नये. जिना धुराने भरला असेल तर खोलीचे दार लावून फटीत ओले कापड कोंबावे आणि खिडकीशी थांबावे. इथेच मुंबईच्या घरांची एक गंभीर अडचण समोर येते: बॉक्स ग्रिल, म्हणजे खिडकीबाहेर पेटीसारखी काढलेली लोखंडी जाळी. चोराला अडवणारी ही जाळी घरच्यांनाही आत कोंडते. तिला आतून उघडणारी झडप हवी, आणि तिची किल्ली घरातल्या आजी-आजोबांना व मुलांनाही ठाऊक हवी. ग्रिलमध्ये रचलेले जुने सामान, जिन्यातले चपलांचे कपाट, मीटररूममधल्या रद्दीच्या थप्प्या यांकडे सोसायटीने काणाडोळा करू नये.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते.

आग लागल्यास १०१ वर फोन करून पत्ता, जवळची खूण, मजला आणि आत कोणी अडकले आहे का, हे सांगावे. तोवर गेटसमोरच्या गाड्या हलवाव्यात आणि एकाने रस्त्यावर उभे राहून बंबाला वाट दाखवावी.